दीड आटा

गयासभाईंनी इंजिन चालू करायच्या आधीच पेचकस उचलला, आणि मंजुषाला तिथंच काहीतरी खटकलं. एरवी असं होत नसे. शहागंजात टॉवरच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान; दुकान म्हणजे तरी काय, एक शटर आणि समोर ऑइलनं काळी पडलेली फरशी. कॉलेजच्या ग्रंथालयातून सुटली की दर पंधरा दिवसांनी सोमवारी ती आपली इंजिनाची सायकल घेऊन तिथं यायची, तक्रार सांगायची, आणि गयासभाई मान तिरकी करून, डोळे मिटून, बराच वेळ आवाज ऐकायचे. मग हात घालायचे. आज त्यांनी काही विचारलंच नाही. सिग्नलला बंद पडते, धूर मारते, हे औरंगपुऱ्यापासून मनात जुळवून आणलेलं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. ते उकिडवे बसले, कार्बोरेटरच्या बाजूला असलेल्या पितळी स्क्रूच्या खाचेत पेचकसाचं टोक बसवलं, मनगट एकदाच उलटं वळवलं आणि म्हणाले, मारा पायडल. तिनं स्टँडवरच पायडल मारलं. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं आणि दोन-चार ठोक्यांत असं शांत, एकसारखं चालायला लागलं, की जणू सकाळपासून त्याला काही झालंच नव्हतं. ती हसून म्हणाली की आज तर तुम्ही न ऐकताच ओळखलंत. गयासभाई हसले नाहीत. चिंधीला एकेक बोट पुसत राहिले.

"मी कधीच ऐकत नाय, ताई," ते म्हणाले. "ते आपलं तुम्हाला दाखवायला. चाचा दुपारी येऊन सांगून जातात. स्क्रू पाऊण आटा जादा आत गेला म्हणले आज."

चाचा म्हणजे कोण, हे कळायला तिला थोडा वेळ लागला. गयासभाई चाचा म्हणत ते तिच्या वडिलांना, नानांना. बन्सी वाघचौरे, वय ब्याऐंशी, दोन वर्षांपासून दोन्ही हातांना कंपवात. तिच्या समजुतीप्रमाणे दुपारी जेवून पुंडलिकनगरच्या घरात पंख्याखाली चार वाजेपर्यंत झोपणारे. तिनं इंजिन बंद केलं. गल्लीत एकदम हातगाड्यांचा, भाव करणाऱ्यांचा, कुणाच्या तरी दुकानातल्या टीव्हीचा आवाज भरून आला. मग गयासभाईंनी सगळं सांगितलं, तिच्याकडं न बघता, चिंधीकडं बघून. नाना गजानन मंदिरापासून शेअर रिक्षा धरून यायचे. रविवारी आपल्या हातून स्क्रू किती फिरला, आत गेला का बाहेर, हे नेमकं सांगायचे. पाणी प्यायचे, आणि ती यायच्या आत घरी परत जायचे. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी शपथ घातली होती, की मंजूला कळता कामा नये. त्याच आठवड्यात मंजुषानंही हीच शपथ घातली होती, की नानांना कळता कामा नये. दोन वर्षं त्या दोन्ही शपथा त्यांनी सांभाळल्या. पण आता ते दुकान भाच्याच्या हवाली करून, पहिल्या तारखेपासून नांदेडला युसराकडं, मुलीकडं, राहायला चालले होते. भाचा बॅटरीच्या गाड्यांचं काम करणार होता.

"मी असा तुमच्या दोघांच्या मधी बसलेलो होतो," ते म्हणाले. "आता उठतो. आता तुमचं तुम्ही बोला."

ती निघाली तेव्हा सायकल इतकी सुरेख चालत होती की त्याचाच तिला राग आला. सिटी चौकातल्या गर्दीत हँडल अर्धं वळवावं, थोडं थांबावं, पुन्हा निघावं, कुठं आचका नाही, कुठं खोकला नाही. गुलमंडीवर एका रिक्षावाल्यानं नेहमीसारखं सायकलीकडं, मग तिच्या डाव्या पायाकडं, मग पुन्हा सायकलीकडं बघितलं. एरवी हे तिच्या लक्षातही येत नसे. एकावन्न वर्षांत लोकांच्या नजरेचा हा प्रवास तिला इतका पाठ झाला होता. आज मात्र तिला वाटलं की सगळ्या शहराला हे ठाऊक होतं. रिक्षावाल्यांना, रसवंतीवाल्यांना, पैठणगेटच्या सिग्नलला थांबलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की म्हातारा दुपारी येऊन जातो आणि मागून संध्याकाळी पोरगी येते. आपणच तेवढे दोन वर्षं मोठ्या शहाणपणाच्या तोऱ्यात चाललो होतो. कारण तोरा होताच. इतरांना सांगितला नसला तरी होता. नानांचा मान आपण राखतो आहोत, अलगद, त्यांना कळू न देता. एवढं नाजूक काम आपल्याला जमतंय, याचं तिला मनातून फार कौतुक होतं. ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवताना मधूनच तिला ते आठवायचं आणि बरं वाटायचं.

सुरुवात दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी झाली. दर दुसऱ्या रविवारी इंजिनाला हात लावायचा हा नानांचा नेम, आणि त्यांच्या हाताखालून निघालेली सायकल कधी कुरकुरली असं झालं नव्हतं. त्या सोमवारी मात्र ती औरंगपुऱ्यात तीनदा बंद पडली. नानांच्या जुन्या ओळखीच्या गयासभाईंनी प्लग काढून बघितला तर काजळीनं भरलेला. आदल्या दिवशी पेचकस खाचेतून दोनदा निसटून पितळेवर चरे पडलेले तिनं बघितले होते, नानांच्या मनगटाचं ते बारीक, न थांबणारं हलणंही बघितलं होतं, आणि तरी ते तिच्या ध्यानात यायला एक अख्खी रात्र जावी लागली होती. डॉक्टरांनी नंतर नाव सांगितलं. पण तिला नावाच्या आधीच कळलं होतं. संध्याकाळी घरी आल्यावर नानांनी दारातच विचारलं, कशी चालली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, मस्त. तोपर्यंत ती शहागंजातून दुरुस्त करून आणलेली होती, म्हणजे तसं बघितलं तर खोटंही नव्हतं. नाना मान हलवून आत गेले. ती मान त्यांनी कशी हलवली होती? ती आता आठवायचा प्रयत्न करायला लागली. मोंढा नाक्याकडून येणारी एक बस तिच्या अंगावरून गेल्यासारखी गेली आणि तिला क्रांती चौकाच्या अलीकडं कडेला थांबावं लागलं. त्यांना त्या दिवशीच माहीत होतं का? का दुसऱ्या वेळी कळलं? मस्त म्हणताना आपला चेहरा कसा दिसला असेल? लहान मूल फुलदाणी फोडून कोपऱ्यात उभं राहतं, तसा दिसला असेल, आणि नानांनी ते ओळखून, तिला तिचा मोठेपणा मिळू द्यावा म्हणून, नुसती मान हलवली असेल.

ही सायकल तिला मिळाली तेव्हा ती अकरावीत होती. शाळा घराजवळ होती, कॉलेज नव्हतं. सिटी बसची पायरी तिला चढवत नसे. लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर घातलेला पाय उचलून ठेवेपर्यंत कंडक्टर घंटी मारायचा. नाना तेव्हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी भंगारातून एका जुन्या मोपेडचं इंजिन आणलं आणि अंगणात पोतं अंथरून ते पार सुटं केलं. दीड महिना त्या पोत्याला कुणी ओलांडायचं नाही असा हुकूम होता. तिची आई सारजाबाई कुरकुरायची, की स्टोव्हचं रॉकेल सगळं या लोखंडाला पाजलं. नाना पहाटे उठून, ड्युटीवर जायच्या आधी, कानशीनं काहीतरी घासत बसलेले असायचे. इंजिन लेडीज सायकलीला बसलं, मागच्या चाकाला दुसरी साखळी आली, आणि एका सुट्टीच्या सकाळी ते चालू झालं. पहिल्या दिवशी ती गल्लीतून जात असताना नाना बाजूनं पळत होते. ती पडेल की काय म्हणून पळत असतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते तिच्याकडं बघतच नव्हते. कमरेत वाकून, एक कान इंजिनाकडं करून, भिवया आवळून पळत होते, आणि मधूनच स्वतःशी म्हणत होते, हवा जादा, हवा जादा. गल्लीच्या टोकाला तिनं ब्रेक दाबला तेव्हा ते तसेच वाकलेले होते. घामानं चष्मा नाकावरून घसरलेला. ती जोरजोरात हसायला लागली तरी त्यांनी आधी स्क्रू फिरवला आणि मग तिच्याकडं बघितलं.

इंजिनाला मात्र त्यांनी तिला कधी हात लावू दिला नाही. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं एवढंसुद्धा तेच बघायचे. तिनं एकदा नोकरीला लागल्यावर सुचवलं होतं, मला शिकवा, रस्त्यात अडले तर? ते म्हणाले, तू अडायचीच नाय. हे त्यांनी अशा स्वरात म्हटलं की तिनं पुन्हा विषय काढला नाही. त्या स्वराचं कारण तिला पुष्कळ नंतर, आई गेली त्या वर्षी, आईनंच दवाखान्याच्या खाटेवर सांगितलं. मंजू दोन वर्षांची असताना, ते फुलंब्रीच्या बाजूला आपल्या गावी राहत होते तेव्हा, तिला ताप आला होता. आई म्हणत होती, उतरेल, एक दिवस बघू. नानांना धीर निघेना. त्यांनी तिला टॉवेलात गुंडाळून, सायकलीच्या दांडीवर धरून शेजारच्या गावच्या डॉक्टराकडं नेलं आणि तापातच पायात इंजेक्शन देवविलं. चौथ्या दिवशी पाय उचलेना. पुढं शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की ताप पोलिओचाच होता, तापात सुई टोचायला नको होती, कदाचित पाय एवढा गेला नसता. कदाचित गेलाही असता. नानांनी त्यातलं दुसरं वाक्य ऐकलंच नाही, असं आई म्हणाली. वाटणीची जमीन भावाकडं सोडून ते शहरात आले ते तिच्या मालिशीसाठी आणि कॅलिपरसाठी. तुला सांगितलं म्हणून त्यांना म्हणू नको, असंही आई म्हणाली, आणि मंजुषानं ते कधी म्हटलं नाही. त्या घरात न म्हणण्याची सवय सगळ्यांनाच होती. भाड्यानं घर बघताना नाना नेहमी खालचाच मजला घ्यायचे आणि वरती ऊन लई लागतं म्हणून सांगायचे. मंठ्याचा एक बिजवर तिला बघायला आला आणि जाता जाता म्हणाला की लग्नानंतर ही फटफट बंद करावी लागेल; तिनं आत येऊन नकार दिला तर नाना बाहेर जाऊन म्हणाले, मलाच मुलगा पसंत नाय. खापर आपल्या डोक्यावर घ्यायची त्यांची ती तऱ्हा तिला तेव्हाही दिसत होती. मग दोन वर्षं आपल्याला काहीच कसं दिसलं नाही?

घरी आली तेव्हा नाना ओट्याजवळच्या स्टुलावर बसून मेथी निवडत होते. मेथीची पानं खुडताना हात हलला तरी चालतं, म्हणून हे काम त्यांनी स्वतःकडं घेतलं होतं. कशी चालली, त्यांनी विचारलं. तिनं चप्पल काढायला उगीच वेळ घेतला. चांगली, ती म्हणाली. मस्त हा शब्द काही तिला उच्चारता येईना. नानांनी मान हलवली, आणि या खेपेला तिनं ती नीट बघितली. तीत काहीच नव्हतं. निवडलेली मेथी एका बाजूला, देठं एका बाजूला, आणि त्यांच्या पायजम्याच्या घडीत शहागंजातला असेल असा थोडा रस्त्याचा फुफाटा. हा फुफाटा दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी असणार. तीच तो पायजमा धुवायला टाकत होती.

आठवडाभर तिला घरात धड वावरता येईना. जे जे ती त्यांच्यासाठी लपूनछपून करत होती ते आता उघडं पडल्यासारखं झालं होतं. चहा सांडू नये म्हणून त्यांचा कप ती अर्धाच भरायची आणि दूध संपलं, असं सांगायची. रोज कसं संपेल दूध? शर्टाची काजं कात्रीनं थोडी मोठी केली होती. वरणभात हातानं नीट खाता येत नाही म्हणून पोळीचा कुस्करा आपल्यालाच आवडायला लागला असल्याचं सोंग घेऊन ती आठवड्यातून चारदा कुस्करा करत होती, आणि नाना तो खाताना म्हणायचे, तुला आवडतो तर कर बापडी. म्हणजे तेही सोंगात सामील. एकेक गोष्ट आठवून तिला कानशिलं गरम व्हावीत इतकी लाज वाटायची. आणि मग, त्याच गोष्टीकडं दुसऱ्या बाजूनं बघितलं की हसू यायचं. भर दुपारी, काठी न घेता, शेअर रिक्षाच्या मागच्या सीटवर दोन माणसांच्या मधी बसून, मांड्यांखाली हात दाबून धरून चाललेले नाना तिला दिसायचे. उतरताना रिक्षावाल्याच्या खांद्याचा आधार घेत असतील. स्वतःच्या हातानं बिघडवलेलं काय आणि किती, एवढं मात्र ते पैशापैशानं ओळखत होते. हात गेला होता, कान तसाच होता. पाऊण आटा जास्त आत. कोणत्या मनानं सांगत असतील? शुक्रवारी ग्रंथालयात एका मुलीनं परत केलेलं पुस्तक हातात घेऊन ती इतका वेळ उभी राहिली, की मुलीनं विचारलं, मॅडम, काही चुकलं का? मंजुषाला म्हणावंसं वाटलं, हो, पण कुणाचं ते ठरत नाहीये.

सरळ सांगून टाकायचं, असं तिनं दोनदा ठरवलं. पण सांगितलं की नाना रविवारी पेटी काढणार नाहीत. ते खोलीत बसतील. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या साहेबरावांच्या मुलांनी त्यांची गिरणी विकली तेव्हापासून साहेबराव जसे ओसरीवर बसून असतात, समोरून गेलेल्या माणसाकडंही न बघता, तसे बसतील. न सांगितलं तर नाना स्क्रू फिरवतील, ती सोमवारी निघेल, आणि शहागंजात बॅटरीच्या गाड्या उभ्या असतील. तिला एकदम धास्ती वाटली, ती सायकलीची नव्हती. गयासभाई उठले की त्या दोघांच्या मधी काहीच राहणार नव्हतं. नुसते ते दोघं.

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला नानांनी हत्यारांची पेटी अंगणात आणली. हा काही त्यांचा रविवार नव्हता. मागच्याच रविवारी त्यांनी इंजिन बघितलं होतं. पण त्यांनी पोतं अंथरलं, पेटी ठेवली, पेचकस शोधून काढला. मंजुषा दारात उभी होती. ते खाली बसायला लागले तेव्हा तिनं आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणून सायकलीशेजारी ठेवली आणि स्वतः, डावा पाय लांब करून, पोत्यावर बसली. तिनं हात पुढं केला.

"नाना, पेचकस द्या. तुम्ही सांगा, मी फिरवते."

नाना उभेच राहिले. पेचकस त्यांच्या मुठीत हलत होता, टोकावर उन्हाचा ठिपका थरथरत होता. समोरच्या घरात कुकरची शिटी झाली. तिला वाटलं, आता ते म्हणतील की तू अडायचीच नाय, आणि मग आपल्याला ते सगळं बोलावंच लागेल, शहागंज, रिक्षा, सगळं. वाक्यं जुळवलेली होती, पण त्यातलं एकही या उजेडात बोलण्यासारखं नव्हतं. नानांनी तिच्याकडं नाही, सायकलीकडं बघितलं.

"गयास चाललाय," ते म्हणाले. "कळलं व्हय तुला."

"कळलं."

"सगळंच?"

"सगळंच."

ते खुर्चीवर बसले. बसताना हुश्श झाल्यासारखा आवाज त्यांच्या छातीतून आला आणि पेचकस त्यांनी तिच्या हातावर ठेवला. मुठीतला तो भाग घामानं ओला होता. म्हणजे हेही आज बोलायचं ठरवूनच पेटी घेऊन आले होते, हे तिच्या ध्यानात आलं. मागचा पुढचा हिशोब कुणी काढला नाही. नानांनी घसा साफ केला आणि फिटर माणूस नव्या हाताला सांगतो तसं, जरा कोरडेपणानं, सांगायला सुरुवात केली. आधी इंजिन पाच मिनिटं गरम होऊ दे. थंड इंजिन खोटं बोलतं. मग बंद कर. हा खालचा स्क्रू रेसचा, त्याला आता शिवू नको. हा पितळी, हवेचा. तो हळू आत ने. टेकला की थांब. टेकल्यावर दाबलंस तर आतलं टोक मोडतं आणि मग कुणाचा बाप आला तरी सेटिंग लागत नाय. एक पुरा फेरा म्हणजे एक आटा. दीड आटा बाहेर काढ. तिथून पुढं कानानं.

पितळेवर जुने चरे होते, एकावर एक, बारीक. खाच शोधायला तिला बोट फिरवावं लागलं. स्क्रू फिरायला लागला तेव्हा तो किती हलका फिरतो याचं तिला नवल वाटलं. चौतीस वर्षं ज्याच्या जोरावर ती या गावात हिंडली ते एवढंसं होतं, करंगळीच्या पेराएवढं. टेकल्याचं तिला बोटांत कळलं. दीड आटा मागं. पायडल मारलं, इंजिन लागलं, पण घरघरत, घशात कफ असल्यासारखं. ती नानांकडं बघायला लागली. त्यांनी डोळे मिटले होते. मान तिरकी होती. गयासभाई जे करून दाखवायचे ते कुणाचं होतं, हे तिला आत्ता कळलं.

पाव आटा बाहेर, नाना म्हणाले. आवाज चढला, मोकळा झाला. अजून थोडा. तिनं घाईनं मनगट वळवलं आणि इंजिन फट्कन बंद पडलं. शांततेत तिचं तिलाच हसू आलं, पण नाना हसले नव्हते. ते आपल्या मांडीवरच्या हातांकडं बघत होते.

"घाई करायची नाय," ते म्हणाले. आणि मग, तेवढ्याच कोरड्या आवाजात म्हणाले, "मी केली. तुझी माय म्हणत होती, एक दिवस थांबा."

मंजुषाच्या हातात पेचकस होता. ऊन तिच्या लांब केलेल्या पायावर, कॅलिपरच्या पट्ट्यांवर आलं होतं. पन्नास वर्षांपूर्वीचा तो दिवस तिला आठवणं शक्यच नव्हतं, तरी तिला वाटलं की आठवतो आहे. टॉवेल, सायकलीची दांडी, हनुवटीला लागणारा हँडलचा गारवा, आणि मागं, डोक्याच्या अगदी वर, धापा टाकणारा एक तरुण माणूस. तेहतीस वर्षांचा. आज ग्रंथालयात येणाऱ्या नव्या प्राध्यापकांपेक्षाही लहान. तिला त्याची फार दया आली. तो कच्च्या रस्त्यानं पायडल मारत होता, त्याला कुणीतरी थांबवून सांगायला हवं होतं, पण काय सांगायचं? परत जा? त्याच्या जागी ती असती तरी तिनं पायडलच मारलं असतं.

"मला ताप होता," ती म्हणाली. "तुम्ही मला घेऊन निघालात. घरी बसून राहिला असतात तर मला आवडलं नसतं, नाना."

नानांचा खालचा ओठ हलला, तो कंपवातानं की कशानं, हे तिनं बघितलं नाही, कारण ती खाली वाकून पुन्हा खाच शोधत होती. स्क्रू टेकवला. दीड आटा. पायडल. पाव बाहेर. मग, या खेपेला सांगण्याची वाट न बघता, केसभर आणखी, आणि तिथं एक जागा होती. आवाजाला अचानक बूड सापडलं. ठोके एकामागोमाग एक, सारखे, कुठं दमलेले नाहीत, कुठं धावत नाहीत. ती मागं फिरून विचारणार होती, हेच ना? पण तिला विचारायची गरज वाटली नाही. नाना हळूहळू खुर्चीवरून उठले आणि इंजिनाकडं पाठ करून, ते तसंच चालू ठेवून, आत निघून गेले. चौतीस वर्षांत ते असे कधी मधूनच उठून गेले नव्हते.

तिनं रेसचा स्क्रू फिरवून आवाज खाली आणला, इंजिन बंद केलं, हत्यारं पेटीत भरली. पेटी भरताना तिला दिसलं, आपले हात मनगटापर्यंत काळे झालेत आणि नखांत ऑइल गेलंय. तेवढ्यात नाना बाहेर आले. एका हातात पाण्याची बादली धरून, फरशीवरून घासत आणली होती, निम्मी वाटेतच सांडलेली. दुसऱ्या हातात मग आणि त्या मगात कपडे धुवायच्या साबणाची वडी. संध्याकाळी गयासकडं जाऊन येऊ, ते म्हणाले, त्याला जाण्याआधी सांगावं लागंल, बोललो आम्ही म्हणून. तिनं मान हलवली आणि उठून मोरीच्या कडेला उभी राहिली. हाताला साबण चोळला. नानांनी मग भरला आणि तिच्या हातांवर पाणी ओतायला लागले. धार सरळ पडेना. ती डावीकडं जायची, उजवीकडं जायची, तिच्या साडीवर, पायावर, कुंडीतल्या तुळशीवर उडायची. मी घेते, असं मंजुषा म्हणाली नाही. तिनं ओंजळ पुढं धरली आणि धार जिकडं जाईल तिकडं हात नेत राहिली, हात स्वच्छ होईपर्यंत.